डागडुजीचा तंबू आणि रतनगडचे नेढे

पाऊस सरला, दिवाळी आटोपली आणि पहाटेच्या हवेत गारवा आला, म्हणजे सह्याद्रीकडे पावले वळविणाऱ्या मंडळींची लगबग सुरू होते. एके काळी अशा प्रवासास एक घोंगडी, शिदोरीचे फडके आणि कंदील एवढा सरंजाम पुरत असे. आता तंबू, स्लीपिंग बॅग, हवेची गादी, गॅसची लहान शेगडी, पाठीवरची सॅक आणि डोंगरी बूट असा बराच पसारा झाला आहे. त्यात वावगे काही नाही. थंडीवाऱ्यापासून निवारा कोणाला नको? परंतु ह्या सामानासंगे एक समजूतही आमच्या सुशिक्षित घरांत शिरली आहे. ती अशी की, मोडले म्हणजे टाकावे आणि नवे आणावे. नवे आणण्याची ऐपत नसेल, तर प्रवासच रहित करावा. ह्या समजुतीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाने मुलांचे फार नुकसान होते. सामान मोडल्याने डोंगर कोठे जात नाहीत. मात्र मुलांची डोंगर चढण्याची वर्षे भराभर निघून जातात.

गेल्या मार्गशीर्षात आमच्याही घरी हाच प्रश्न उभा राहिला. आम्ही उभयतां, धाकटे बंधू, पुतण्या आणि पुतणी अशा पाच जणांनी अकोले तालुक्यातील साम्रद व रतनगड पाहून यावे, असे ठरले होते. माळ्यावरून सामान खाली काढले, तेव्हा त्याचे वय दिसून आले. तंबूच्या तीन लवचीक काठ्यांपैकी एकीस उभी चीर गेली होती. दाराची चेन ओढली की मागे पुन्हा उघडत असे. तळाच्या कापडास तीन भोके होती आणि शिवणींतून ओल झिरपत असे. हवेची एक गादी रात्रीतून बसत असे. पुतण्याच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटून त्याने जणू आ वासला होता. एका मोठ्या दुकानात चौकशी केली, तेव्हा “आम्ही दुरुस्ती करीत नाही, नवाच घ्या,” असे उत्तर मिळाले. नव्या तंबूची किंमत कित्येक हजारांत होती. आम्ही बाजूस काढलेली रक्कम मात्र एस. टी., जीप आणि जेवणखाण ह्यांस जेमतेम पुरणारी होती. तेव्हा, आपल्या हातांनी जमेल तेवढे करून पाहावे, असे सर्वांनी मिळून ठरविले.

पुण्यात राहणाऱ्यास ह्या कामी एक मोठी सोय आहे. रविवार पेठेतील बोहरी आळीत तासभर हिंडले की लोखंड, पितळ, दोर, कड्या, डिंक, कानशी, पॉलिश पेपर ह्यांपैकी काय मिळत नाही, हेच सांगणे अवघड. आम्ही तेथून दोन नळ्यांतून येणारा एपॉक्सी डिंक, एक कानस आणि पातळ दोरी घेतली. चेनचा रनर शिंप्याकडे दहा-वीस रुपयांत मिळाला. चेन मागे उघडते, तेव्हा दाते क्वचितच बिघडलेले असतात; बहुधा रनर झिजून सैल झालेला असतो. प्रथम पकडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या हाताने दाबून पाहाव्यात आणि दात्यांवरून मेणबत्ती फिरवावी. एवढ्याने भागले नाही, तरच नवा रनर घालावा. ठिगळासाठी कापड हवे होते. चौकातल्या छत्री दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी एका मोडक्या छत्रीचे कापड सोडवून दिले आणि त्याचे पैसे घेण्यास साफ नकार दिला.

बुटाचा प्रश्न सर्वांत अवघड होता. पण तोच आम्हांस सर्वांत मोलाचा ठरला. कोपऱ्यावर बसणाऱ्या मोचीदादांनी बूट हातात घेऊन वाकवून पाहिला. तळ नुसता सुटला असेल तर शिवता येतो. परंतु मधला फेसासारखा थर भुगा होऊन गळू लागला असेल, तर तो बूट डोंगरावर नेऊ नये, असे त्यांनी बजावले. हा थर पॉलियुरेथेनचा असला, तर हवेतल्या दमटपणाने नुसत्या ठेवणीतही कालांतराने खराब होतो. सुदैवाने आमचा थर शाबूत होता. पुतण्याने भीतभीत विचारले, “दादा, मला शिकवाल?” त्यांनी त्यास शेजारी गोणपाटावर बसवून घेतले, आरी हाती दिली आणि छिद्र कसे तिरपे पाडावे, दोऱ्याची दोन्ही टोके समोरासमोरून कशी ओढावीत, हे दाखविले. अर्ध्या तासात त्याच्या बोटांस फोड आला. पण अर्धा बूट त्याने शिवला. उरलेला अर्धा दादांनी पाच मिनिटांत उरकला.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. आमच्यासारख्या घरांत पुस्तक हाती घेणे हे भूषण, आणि आरी हाती घेणे हे हलके, असा भेद पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. चामड्यास हात लागला तर हात धुवावयाचे, आणि ते काम करणारा दारात आला तर त्यास अंगणातच थांबवावयाचे, हे आमच्या आजीने लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले आहे. पुतण्या तो बूट घेऊन घरी आला आणि उरलेला दोरा तिला दाखवू लागला, तेव्हा आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. आजीने दोरा बोटांत धरून पाहिला, काही बोलली नाही. मग उठून आपल्या फडताळातून मेणाचा एक जुना गोळा काढून आणला आणि म्हणाली, “ह्यावरून ओढून घे. मेणावाचून दोरा पाण्यात टिकत नाही.” आमच्या मते त्या दिवसाची खरी डागडुजी तीच होय.

मग घरातच कारखाना सुरू झाला. काठीच्या चिरेवर प्रथम बारीक दोरा आवळून गुंडाळला. पूर्वी प्रत्येक गच्चीवर दूरदर्शनची अँटेना असे. तिच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या आमच्या माळ्यावर पडून होत्या. त्यांतील एकीचा सुमारे १२ सेंटिमीटरांचा तुकडा करवतीने कापला, कानशीने कडा गुळगुळीत केल्या, चिरेवर एपॉक्सी लावला आणि चीर बरोबर मध्यभागी येईल अशा बेताने नळी वर सरकविली. काठी फायबरग्लासची असल्याने तिची बारीक कुसळे हातात शिरतात. म्हणून हातमोजे घालावेत. असाच आणखी एक तुकडा कापून पुतणीने तो, लागलाच तर असू द्यावा म्हणून, सामानात ठेवला.

शिवणकाम काकूंच्या देखरेखीखाली झाले. “धावदोरा नको, हातटीप घाला; एक टाका तुटला तरी पुढचे उसवत नाहीत,” हा त्यांचा पहिला हुकूम. सुती दोरा ओलीने कुजतो, म्हणून पॉलिएस्टरचा घेतला. ठिगळाचे कोपरे गोल कापले. टोकदार कोपरा प्रथम उचलला जातो. गोधड्यांनी भरलेल्या घरास हे शिकविण्यासाठी बाहेरचे कोणी लागले नाही. शिवणींवर लेप देताना मात्र कापडाची जात पाहावी लागते. ज्या कापडावर सिलिकोनचा लेप आहे, त्यावर सिलिकोनच धरते. पॉलियुरेथेनचा लेप असेल, तर त्याच जातीचा डिंक लागतो. एकाचे दुसऱ्यावर लावले, तर वाळल्यावर पापुद्रा निघून येतो. लेप दिल्यावर चोवीस तास तंबू उघडाच ठेवला.

गादीवर साबणाचे पाणी पुसताच एका कोपऱ्यात बुडबुडे आले. तेथे पेनाने खूण केली, ती जागा वाळविली, स्पिरिटने पुसली आणि मग चिकटविली. सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन रबरावर उत्तम धरते. ह्या गाद्यांच्या प्लॅस्टिकच्या लेपावर ते टिकत नाही. तेथेही पॉलियुरेथेनचाच डिंक लागला. सर्व मिळून खर्च साडेचारशे रुपयांच्या आत बसला.

परंतु काटकसरीस एक सीमा आहे, आणि ती येथेच स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या वस्तूवर जीव टांगलेला असतो, तिला ठिगळ लावावयाचे नाही. कडा उतरण्याचा दोर कोठे चिरला, कडक झाला वा आतून गाठाळ लागला, तर तो कापून टाकावा. न वापरता ठेवलेल्या दोरासही बनविणारे बहुधा दहा वर्षांची मर्यादा घालतात. तडा गेलेले शिरस्त्राणही टाकूनच द्यावे. गॅसच्या शेगडीची गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी ओढून कदापि तपासू नये. आणि झडपच बिघडली असेल, तर तिच्याशी घरी खटपट करू नये. जुन्या रॉकेलच्या स्टोव्हची गोष्ट निराळी होती. १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस आमच्याकडे इतका रुळला की, पंपाचा चामडी वायसर सुकला तर त्यास तेल लावणे आणि नळीत पिन घालणे ही कामे घरातली बायकामुलेही करीत. वस्तू हाताला ओळखीची असली, म्हणजे तिचे काय दुरुस्त करावे आणि काय करू नये, हेही कळते.

अशा तयारीने आम्ही पौषातल्या एका पहाटे निघालो. एस. टी. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव मागे टाकून संगमनेरास येते. तेथून अकोले, राजूर आणि शेंडी. हा सारा मुलूख अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातला. १ जून १९४८ रोजी पहिली एस. टी. पुण्याहून ह्याच जिल्ह्याच्या मुख्य गावी गेली, हे मुलांस सांगताच त्यांस आपल्या गाडीच्या खडखडाटाविषयी थोडा आदर वाटू लागला. शेंडीस उतरले की भंडारदऱ्याचे धरण दिसते. प्रवरेवरचे हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. जलाशयाच्या काठाकाठाने जीप जाऊ लागली, की एका बाजूस पाण्याची निळी कड आणि दुसऱ्या बाजूस साग-करवंदीची रुक्ष हिवाळी झाडी, असा देखावा कितीतरी वेळ सोबत करतो.

साम्रद हे लहानसे आदिवासी गाव घाटमाथ्याच्या अगदी कडेवर आहे. गावापासून थोड्या अंतरावर जमीन एकाएकी दुभंगते, आणि दोन उभ्या भिंतींमधून सांधणची दरी कोकणाकडे उतरत जाते. कोठे कोठे ती इतकी अरुंद आहे की ऊन तळास क्वचितच शिवते. पावसाळ्यात तीत पाऊल टाकणे म्हणजे मरणास बोलावणे होय. पुढचा उतार दोरावाचून आणि जाणत्या सोबतीवाचून करता येत नाही. म्हणून आम्ही वरचा भाग पाहूनच मागे फिरलो. माघारी येताना एका बाजूस रतनगड आणि त्याचा खुटा, दुसऱ्या बाजूस अलंग, मदन, कुलंग ही त्रयी संध्याकाळच्या उन्हात तांबूस झाली होती.

हा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातला. तेव्हा मनास येईल तेथे तंबू न ठोकता आम्ही एका गावकरी मामांच्या खाचरात, त्यांची परवानगी घेऊन, मुक्काम केला. भात कापून झाले होते. धसकटे तेवढी उभी होती. जमीन इतकी टणक की खुंट्या दोन बोटेही शिरेनात. मामांनी बांधावरचे धोंडे आणून दिले. तणावे त्यांभोवती आवळले. काठीवरची अॅल्युमिनियमची नळी पाहून ते हसले आणि म्हणाले, “ही तर शेंबी झाली. आमच्या काठीला, कोयत्याच्या मुठीला अशीच घालतो.” आम्ही तज्ज्ञतेचा जो काही आव मनात आणला होता, तो त्या एका वाक्याने उतरला. मामांच्या घराची भिंत कारवीच्या कुडाची, मातीशेणाने लिंपलेली. दर पावसाळ्यानंतर ती पुन्हा लिंपावी लागते. खांद्यावरच्या घोंगडीस दोन रंगांच्या लोकरीचे रफू होते. आम्हांस जे कौतुकाने सांगावेसे वाटत होते, ते येथे नित्याचे वागणे होते.

मध्यरात्र उलटल्यावर वारा सुटला. सह्याद्रीच्या कडेवर वारा कसा येतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांस सांगणे नको. आधी दूर कोठे गाडी चालल्यासारखा आवाज येतो, आणि मग सारे एकदम अंगावर कोसळते. तंबू वाकला, काठ्या करकरल्या. धाकट्या बंधूंनी दुरुस्त केलेल्या काठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसले. काठी वाकत होती आणि पुन्हा सरळ होत होती. आमचे लक्ष त्या नळीवर खिळले असता, पलीकडच्या बांधावरून कडाडल्याचा आवाज आणि पाठोपाठ आरडाओरड ऐकू आली. नाशिकचे चार विद्यार्थी तेथे उतरले होते. त्यांच्या कोऱ्या, भारी तंबूची काठी मधोमध मोडली होती. तिच्या टोकाने कापड फाटण्याच्या बेतात होते. त्यांच्यापैकी एका मुलीस थंडीने हुडहुडी भरली होती, आणि गाडी बोलावून एवढ्या रात्री परत जावे, असे त्यांचे चालले होते. घाटमाथ्याचा रस्ता, किर्र काळोख आणि झोपेने जड झालेले वाहनचालक; ती कल्पनाही आम्हांस बरी वाटेना.

पुतणी बॅटरी घेऊन निघाली. “काका, ती दुसरी नळी द्या,” एवढेच ती म्हणाली. मोडलेली टोके तिने कानशीने घासली, त्यांवर नळी अर्धी-अर्धी चढविली आणि दोन्ही कडांस चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. तोवर पुतण्याने दोन तणावे धोंड्यांस नव्याने बांधले. काकूंची हातटीप फाटू पाहणाऱ्या कापडावर पडली. सारे मिळून वीस मिनिटे लागली असतील. तंबू पुन्हा उभा राहिला, आणि उजाडेपर्यंत उभाच होता. सकाळी त्या मुलीने विचारले, “हे तुम्ही कोणत्या शिबिरात शिकलात?” पुतणी म्हणाली, “आमच्या माळ्यावर!”

त्याच दिवशी आम्ही रतनवाडीस गेलो. तेथील अमृतेश्वराचे मंदिर शिलाहारांच्या काळचे मानले जाते. त्याच्या दगडांवरचे कोरीव काम पाहावे तेवढे थोडेच. गावापासून वाट प्रवरेच्या ओढ्याकाठी झाडीत शिरते, पुढे लोखंडी शिड्या लागतात आणि गणेश दरवाजातून गडावर प्रवेश होतो. माथ्यावरचा मोठा चमत्कार म्हणजे नेढे. वाऱ्यापावसाने कातळात आरपार पडलेले ते प्रचंड भोक सुईच्या नेढ्यासारखे दिसते, म्हणून त्याचे ते नाव. त्यात बसले की एका अंगास जलाशय दिसतो, दुसऱ्या अंगास कोकणाची खोल दरी. आणि वारा इतका जोराचा की बोललेले शब्द उडून जातात. पुतण्याने तेथे बसून बूट उलटा करून पाहिला. शिड्या, कातळ, घसारा एवढे सोसूनही एक टाका ढिला झाला नव्हता. त्यातला कोणता अर्धा भाग त्याचा आणि कोणता मोचीदादांचा, हे मात्र त्याने आम्हांस ओळखावयास लावले.

मोठमोठ्या मोहिमांचे इतिहास वाचले, तरी हेच आढळते. दक्षिण ध्रुवाकडील बर्फात जहाज गमावलेल्या शॅकल्टनच्या मंडळींत १९१६ साली हॅरी मॅकनिश नावाचा सुतार होता. एलिफंट बेटावरून जेम्स केअर्ड ही लहान होडी खवळलेल्या समुद्रावर घालावयाची होती. मॅकनिशने खोक्यांची झाकणे, बर्फगाडीच्या पट्ट्या आणि किंतान जोडून तिच्यावर आच्छादन उभे केले. फटींत दिव्याची वात, चित्रकाराचा तैलरंग आणि सीलचे रक्त भरले. पुढे साउथ जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर ओलांडण्यासाठी त्याने त्याच होडीचे स्क्रू काढून बुटांच्या तळांस ठोकून दिले. एलिफंट बेटावर मागे राहिलेले बावीस जण त्याच वर्षी ऑगस्टात सुखरूप सुटले. शॅकल्टनच्या धैर्याचे जगभर गोडवे गायले गेले आणि ते योग्यच आहे. पण त्या धैर्याच्या पायाखाली एका सुताराचे स्क्रू होते, हे विसरू नये.

ज्या वाचकांस असा प्रवास करावयाचा असेल, त्यांनी एक लहान बटवा जवळ ठेवावा. त्यात दोन सुया, एक दाभण, मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा, काठीवर बसेल अशी एक नळी, कानशीचा तुकडा, चिकटपट्टी, चेनचा एक जादा रनर, छत्रीच्या कापडाचे वीतभर ठिगळ, थोडी तार आणि पातळ दोरी एवढे असले म्हणजे पुरे. सारे मिळून वजन एका नारळाइतकेही होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, निघण्यापूर्वी आठ दिवस आधी तंबू गच्चीवर उभारून पाहावा आणि परत आल्यावर तो पुरता वाळल्यावाचून घडी करू नये. ओलसर घडीने कापडावरचा लेप चिकट होऊन जातो.

पैसे वाचले, ही ह्यातली लहानशी मिळकत. मुलांनी शिंपी, छत्रीवाले, मोची आणि खाचराचे मालक अशा चौघांना गुरू मानून त्यांच्यापाशी बसून काही घेतले, ही मोठी मिळकत. घरात पदव्या पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारी आता ती आरी आणि तो मेणाचा गोळा एकाच फडताळात ठेवलेला असतो. पुतण्यास हवे असले की आजीस विचारूनच तो काढतो, आणि तीही तो मोठ्या ऐटीने देते.